सर्चूहून माघारी

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



महोत्सव समितीने मला बोलण्यासाठी दिलेला विषय 'शाळेची वाटचाल' हा होता. त्या विषयावर सकाळपासून माझ्याहून जाणत्या व्यक्ती बोलल्या आहेत आणि स्मरणिकेतही त्यावर पुष्कळ मजकूर येणार आहे. म्हणून समितीच्या परवानगीने मी एका निराळ्या वाटचालीविषयी बोलणार आहे. ती वाटचाल पुरी झाली नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात 'बाई मोटारसायकलवरून लेहला जाऊन आल्या' अशी वार्ता शाळेत पसरली. दर्शनी फळ्यावर रंगीत खडूंनी माझे अभिनंदन झाले, त्यात हिमशिखरांचे चित्रही होते. तो मजकूर खोटा होता. मी लेहला पोहोचलेच नाही. मनालीहून निघाले आणि सर्चू नावाच्या ठिकाणाहून परत आले. आणि तरीही फळ्यावरचे ते अभिनंदन मी दोन दिवस तसेच राहू दिले. आज साठ वर्षांच्या शाळेसमोर उभी आहे, तर ती दुरुस्ती येथेच करते.

तुमच्यापैकी बहुतेकांना मी भूगोल शिकवला आहे. अठ्ठावीस वर्षे मी फळ्यावर हिमालयाच्या रांगा काढत आले. पीर पंजाल, झांस्कर, लडाख या तीन रेघा मी डोळे मिटूनही काढू शकते. पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवताना माझे उदाहरण ठरलेले असे: महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि त्याच सह्याद्रीच्या पूर्वेला, त्याच सातारा जिल्ह्यात, माण तालुका कोरडा. इंदुरातल्या मुलांना महाबळेश्वर आणि माण ही दोन्ही नावे सारखीच दूरची. मग मी म्हणत असे, "हेच हिमालयात मोठ्या प्रमाणावर घडते. पीर पंजालच्या अलीकडे देवदार, पलीकडे उघडे डोंगर." हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेन, याची गणती नाही. पलीकडचा डोंगर मात्र मी पाहिला नव्हता.

ही उणीव माझ्या एका विद्यार्थिनीच्या ध्यानी होती. ती आज येथे बसली आहे आणि नाव घेऊ नका अशी तिची ताकीद आहे. गुरुपौर्णिमेला घरी आली असता ती म्हणाली, "बाई, पुढच्या सुटीत आम्ही दोघं मोटारसायकलवर लेहला चाललोय. माझ्या मागची सीट रिकामी आहे." दोघे म्हणजे ती आणि तिच्याच वर्गातला एक विद्यार्थी. त्याचे शहरात गॅरेज आहे. तोही सभागृहात आहे. माझे वय तेव्हा चोपन्न. आमच्या घरी या प्रस्तावाचे स्वागत हसून झाले. कदाचित त्या हसण्यामुळेच मी होकार दिला असावा. वैद्यकीय तपासण्या झाल्या, गुडघ्यांचे व्यायाम झाले. मे महिन्यात रोज पहाटे तिच्या मागे बसून महूपर्यंत जाण्यायेण्याचा सरावही झाला. शिरस्त्राण घालून शाळेच्या फाटकासमोरून जाताना मला कोणी ओळखत नसे, याचे एक निराळेच सुख होते.

आता मी त्या कागदाकडे येते. तिने प्रवासाचा आराखडा एका फुलस्केप कागदावर लिहून आणला होता. मनालीला दोन रात्री, जिस्पाला दोन रात्री, मग सर्चू, मग लेह. तिचा कागद वाचून मी सवयीने लाल पेन उचलले. पंधरा जूनला शाळा उघडणार होती, त्याआधी प्रवेशासंबंधीची बैठक होती आणि मला एक दिवस वाचवायचा होता. मनालीच्या दोन रात्रींची मी एक केली, जिस्पाच्या दोन रात्रींची एक केली आणि समासात लिहिले: 'अनावश्यक.' तिने कागद पाहिला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बरं, बाई."

त्या 'बरं, बाई'कडे मला नंतर पुन्हा यायचे आहे.

मनालीहून आम्ही सकाळी निघालो. तिची मोटारसायकल नवी, हिमालयन नावाची. त्याची जुनी बुलेट, त्याच्या वडिलांच्या वेळची, आणि तिच्यावर आमचे सामान. पूर्वी मनालीहून लाहूलमध्ये उतरायचे तर सुमारे ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा वाहतुकीस खुला झाला आणि ती चढण चुकली. बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे. त्यात शिरताना मागे देवदार होते, हवेत ओलावा होता, डोंगरांवर ढग रेलले होते. बाहेर पडलो ते निळ्या, कोरड्या, झळझळीत उन्हात. डोंगर तपकिरी आणि उघडे, झाडे फक्त नदीकाठच्या शेतांच्या कडेला. माझे अठ्ठावीस वर्षांचे वाक्य नऊ किलोमीटरांत समोर उभे राहिले. मी तिच्या खांद्यावर थोपटून गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या दोघांना पर्जन्यछायेचा धडा पुन्हा शिकवला. दोघांनीही तो निमूटपणे ऐकला. गॅरेजवाला म्हणाला, "बाई, सहामाहीत हाच प्रश्न आला होता आणि मी सोडला होता."

लाहूलविषयी फार बोलण्यास वेळ नाही, पण तांदीविषयी बोललेच पाहिजे. तेथे चंद्रा आणि भागा या दोन नद्या भेटतात. दोघींचा उगम बारालाचा खिंडीच्या परिसरात होतो आणि दोघी डोंगराला दोन बाजूंनी वळसा घालून तांदीला एकत्र येतात. तेथून पुढे त्या नदीचे नाव चंद्रभागा आणि आणखी पुढे चिनाब. वेदकाळी तिलाच असिक्नी म्हणत. माझी आजी वारकरी होती. चंद्रभागा म्हणजे पंढरपूर, एवढेच आमच्या घरी ठाऊक. भीमेला तिच्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळे ते नाव मिळाले, इकडे मात्र चंद्रा आणि भागा खरोखरच दोन निरनिराळ्या नद्या. संगमाशी उभी राहून मी आजीचे स्मरण केले आणि तळहातावर पाणी घेतले. इतके थंड की बोटे मिटेनात.

तांदीला पेट्रोल पंप आहे आणि पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी तेथे आहे. गॅरेजवाल्याने दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या, शिवाय पाच-पाच लिटरचे दोन कॅन. मला हिशेब समजावून सांगताना त्याने सरासरी, घट आणि राखीव साठा यांची जी आकडेमोड तोंडी केली, ती ऐकून याला गणितात कोणी नापास केले असा प्रश्न माझ्या मनात आला. उत्तर मला ठाऊक होते. आम्हीच.

त्या रात्री जिस्पाला मुक्काम झाला. उंची सुमारे ३,२०० मीटर. रात्री माझे डोके दुखू लागले. कपाळात नव्हे, मागे मानेपाशी. जेवण नको झाले. तिने विचारले, "बाई, बरं आहे ना? डोकं वगैरे?" मी म्हटले, "छे, ऊन लागलं असेल." आणि अंधारात पर्समधली पॅरासिटामॉलची गोळी काढून, कागदाचा आवाज होऊ न देता, घेतली. पहाटे आणखी एक घेतली.

या ठिकाणी मला तुमच्याजवळ एक कबुली द्यायची आहे. 'उंच प्रदेशात हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी असते,' असे मी तुम्हाला शिकवले. तुम्ही ते वहीत उतरवले आणि उत्तरपत्रिकेत लिहून गुणही मिळवले. ते चूक आहे. हवेतील प्राणवायूचा वाटा समुद्रकाठी जितका, तितकाच हिमालयातही, शंभरात सुमारे एकवीस. कमी होतो तो हवेचा दाब. दाब कमी झाला की हवा विरळ होते आणि प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा प्राणवायू घटतो. सर्चूच्या उंचीवर तो समुद्रकाठच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपास भरतो. आपले इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, येथे हा फरक जाणवत नाही. शरीर या विरळ हवेला सरावते, परंतु त्याला दिवस लागतात. म्हणूनच तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस चढाई थांबवावी, असा वैद्यकीय दंडक आहे. आणि दुसरा दंडक याहून सोपा: डोके दुखत असेल तर आणखी वर झोपायला जायचे नाही. आम्ही मनालीच्या सुमारे दोन हजार मीटरवरून दोन दिवसांत सर्चूच्या सुमारे ४,२९० मीटरवर झोपायला निघालो होतो. तिच्या कागदातल्या त्या दोन जादा रात्री याचसाठी होत्या. तिला हे ठाऊक होते. मला नव्हते, आणि पेन माझ्या हातात होते.

दारचा ओलांडल्यावर रस्ता चढू लागतो. त्या रस्त्यावर मला सर्वांत जास्त आठवतात ती माणसे. काळवंडलेल्या पिंपांत डांबर उकळत होते. तोंडाला फडकी गुंडाळलेली स्त्री-पुरुष मंडळी धुराच्या आणि बर्फाळ वाऱ्याच्या मध्ये खडी पसरत होती. सीमा सडक संघटनेची, १९६० साली स्थापन झालेल्या त्या खात्याची, पिवळी पाटी आपल्याला दिसते. तिच्यावरचे यमक जुळवलेले सुविचार आपण टिपून घेतो. पाटीखाली बसलेला माणूस झारखंडचा असतो. एका ठिकाणी रस्ता मोकळा होईपर्यंत थांबावे लागले, तेव्हा मी एका मुलीला विचारले. ती दुमक्याकडची होती. संथाळ परगणा मी नकाशात दाखवत आले होते. तेथली मुलगी साडेतीन महिन्यांसाठी चार हजार मीटरवर खडी उचलायला येते, हे कोणत्या धड्यात घालावे? मला श्वास पुरत नव्हता म्हणून मी बसून बोलत होते. ती उभी होती आणि तिच्या डोक्यावर पाटी होती.

दुपार झाली होती. बर्फ वितळून नाले फुगण्याची ती वेळ. हे नाले पहाटे ओलांडावेत असा तिकडचा रिवाज आहे. आम्हाला उशीर झाला, कारण वाटेत मी दोनदा उलटीसाठी गाडी थांबवली होती आणि दोन्ही वेळा त्याला 'जरा पाय मोकळे करू' असे नाव दिले होते. झिंगझिंगबारच्या पुढे रस्त्यावरून गुडघाभर पाणी वाहत होते, खाली गोल धोंडे. तिने मला उतरवले, एकटीने गाडी पार नेली आणि परत येऊन माझा हात धरून मला पाण्यातून नेले. बुलेट मध्येच आचके देऊ लागली आणि काळा धूर सोडू लागली. कार्ब्युरेटरची गाडी: पेट्रोल पूर्वीइतकेच येत होते, हवा मात्र विरळ झाली होती. ते मिश्रण नीट जळत नव्हते. तो रस्त्यातच बसला, पेचकस काढला, हवेचा स्क्रू फिरवला, फिल्टर झटकला. मी शेजारच्या दगडावर बसले होते. तो मान वर न करता म्हणाला, "गाडीचं एक बरं असतं बाई, सहन नाही झालं की धूर काढून सांगते." त्याच्या मनात काही नव्हते, याची मला खात्री आहे. तरी त्यानंतर सूरजतालपर्यंत मी काही बोलले नाही.

सूरजताल गोठलेला होता, कडेला तेवढी निळ्या पाण्याची एक रेघ. पुढे बारालाचा, सुमारे ४,८९० मीटर. लाहूल, स्पिती, झांस्कर आणि लडाख या चारही दिशांच्या जुन्या वाटा या खिंडीपाशी येऊन मिळतात. प्रार्थनेच्या पताका फडफडत होत्या. दोघांनी माझे छायाचित्र घेतले. तेच छायाचित्र पुढे फळ्यावर लागले. त्यात मी हसते आहे. त्या हसण्याचे मला काहीही स्मरण नाही.

सर्चू हे गाव नव्हे. नदीकाठचे एक सपाट, रुंद, ओसाड पठार आहे. उन्हाळ्यात तेथे तंबू उभे राहतात, थंडीत कोणी नसते. आम्ही एका ढाब्याच्या तंबूत उतरलो. रजयांचा ढीग, मध्ये रॉकेलची शेगडी, मालकीणबाईंनी केलेला ऊन भात. मी खाल्ला नाही. पुढचा वृत्तान्त मला माझ्या आठवणीतून सांगता येत नाही. तिच्याकडून ऐकलेला आहे, तोच सांगते.

रात्री दोनच्या सुमारास मी उठून बसले आणि तिला स्पष्ट आवाजात विचारले, "आठवी 'ब'ची हजेरी झाली का?" तिला आधी वाटले मी स्वप्नात बोलते आहे. तिने हाक मारली तेव्हा मी तिला तिच्या नावाने नव्हे, तर पंचवीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या आपल्या एका शिक्षिकेच्या नावाने ओ दिली. तिने माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा चौसष्ट. तिचा स्वतःचा ब्याऐंशी होता, गॅरेजवाल्याचा शहाऐंशी. मग तिने मला उभे केले, जमिनीवर दोरी ताणली आणि म्हणाली, "बाई, या रेषेवरून चालून दाखवा. टाचेला अंगठा लावून."

ही परीक्षा मेंदूला सूज येऊ लागली आहे की नाही हे पाहण्याची असते. विरळ हवेच्या विकाराचे ते गंभीर रूप. दारू न पिता माणूस दारू प्यायल्यासारखा चालतो, बोलणे असंबद्ध होते, आणि तेव्हाही तो 'मला काही झालेले नाही' असेच सांगत राहतो. उपाय एकच, खाली उतरणे. तास गेले तर ग्लानी येते, आणि पुढचे मी येथे सांगत नाही. आठवीच्या मुलांना मैदानावर चुन्याच्या रेषेवरून चालवणारी मी, दोन पावलांत तिच्या अंगावर कोसळले. आणि म्हणे तिला रागावले, की "रेष नीट आखलेली नाही."

खाली उतरायचे, हे ठरले. पण सर्चूहून खाली कोठे? हा भूगोल मी नकाशावर कधी पाहिला नव्हता. सर्चू दोन खिंडींच्या मधल्या खोलगटात आहे. उत्तरेला लेहच्या वाटेवर गाटा लूप्सची वीसहून अधिक वळणे आणि त्यानंतर पाच हजार मीटरच्या वरची लाचुलुंग खिंड. दक्षिणेला पुन्हा बारालाचा. खाली जायचे तर कोणत्याही दिशेने आधी वरच चढले पाहिजे. दक्षिणेला चढ सुमारे सहाशे मीटरांचा आणि त्यानंतर मात्र दारचापर्यंत सलग उतार. तिने दक्षिण निवडली. मी म्हणे ठामपणे सांगितले की मी मुख्याध्यापिका आहे आणि आपण उद्या लेहला जाणार आहोत. ती म्हणाली, "नाही, बाई."

तिच्या दहा वर्षांच्या शालेय आयुष्यात आणि त्यानंतरही तिने मला दिलेला तो पहिला नकार.

मोटारसायकलच्या मागच्या आसनावर मला बसवणे अशक्य होते, मी पडले असते. ढाब्याच्या मालकीणबाईंनी त्यांच्याजवळचा छोटा प्राणवायूचा डबा दिला. डॉक्टरांनी लिहून दिलेली डेक्सामेथासोनची गोळी तिच्याजवळ होती, ती तिने मला दिली. बाहेर चार ट्रक उभे होते. गॅरेजवाल्याने एकेका ड्रायव्हरला उठवले. तिसरा ड्रायव्हर मंडीचा होता, लेहला माल उतरवून रिकामा परत चालला होता. तो अंथरुणातून उठला तो थेट इंजिन तापवायलाच. साडेतीनला आम्ही निघालो. मी मध्ये, ती माझ्या शेजारी, तिचा हात माझ्या छातीवर आडवा. बुलेट मागे. तिची नवी मोटारसायकल ढाब्यापाशी तशीच उभी राहिली. तीन वर्षे पैसे साठवून तिने ती घेतली होती, लेहसाठीच.

बारालाचावर रस्त्यावर काच पसरावी तसा बर्फ होता. चढाच्या त्या दीड-दोन तासांत माझी प्रकृती आणखी बिघडली, तिच्या बोलण्याला मी उत्तर देईनाशी झाले. ड्रायव्हर सारखा म्हणत होता, "माताजी, बात करो." तेव्हा तिला एक युक्ती सुचली. ती मला भूगोल विचारू लागली. तापीची उपनदी कोणती? छोटा नागपूरचे खनिज कोणते? मी म्हणे प्रत्येक प्रश्नाला चुकीचे उत्तर देत होते. एकदा मात्र बरोबर दिले. तिने विचारले, "बाई, भागा नदी कोठे उगम पावते?" आणि मी म्हणाले, "इथे." त्या वेळी ट्रक सूरजतालच्या कडेने चालला होता.

तेथपासून उतार. माझी स्वतःची स्मृती दारचाला सुरू होते: पूल, चहाचा ग्लास, त्याची वाफ आणि माझ्याकडे टक लावून पाहणारी ती. मी विचारले, "तू रडतेस का?" ती म्हणाली, "झोप नाही झाली बाई, म्हणून." केलाँग ३,०८० मीटरवर आहे. तेथील सरकारी रुग्णालयात दोन दिवस मला प्राणवायूवर ठेवले. तेथल्या तरुण डॉक्टरांनी माझ्याकडून पुन्हा रेषेवर चालून घेतले. या वेळी मी उत्तीर्ण झाले. पर्समधली पॅरासिटामॉलची पट्टी त्यांनी मागून घेतली, रिकाम्या जागा मोजल्या. सहा होत्या. ते काहीच बोलले नाहीत. तीही बोलली नाही. शिक्षकी पेशातल्या माणसाला अशी शांतता ओळखता येते. ती आपण स्वतः अनेकदा वापरलेली असते.

दुसऱ्या दिवशी मी त्या दोघांना सांगितले, "तुम्ही पुढे जा. सर्चूला गाडी आहेच, तिथून लेह गाठा. मी बसने मनालीला उतरते." दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि माझी आज्ञा मोडली. बुलेटवरून दोघे सर्चूला गेले, तिची गाडी घेतली आणि संध्याकाळी दोन गाड्या केलाँगला परत आल्या. लेह तेथून एका मुक्कामावर होते.

मग मी तिला विचारले, "मी कागदावर 'अनावश्यक' लिहिले, तेव्हा तू का नाही बोललीस?" तिने बराच वेळ उत्तर दिले नाही. शेवटी म्हणाली, "बाई, तुमच्या लाल पेनापुढे कोणी बोलतं का?" गॅरेजवाला खिडकीतून बाहेर पाहत होता. म्हणाला, "मी एकदा बोललो होतो. सातवीत. उभं केलं होतं तुम्ही मला, दोन तास." मला तो प्रसंग आठवत नव्हता. त्याला तास, विषय, बाक, सारे आठवत होते. नर्मदा पश्चिमेकडे का वाहते, हे मी सांगत होते. त्याने विचारले होते, 'पण बाई, सगळ्या नद्या पूर्वेकडे जातात असं तुम्हीच काल म्हणालात.' मी तसे म्हटले असणे शक्य आहे.

पालकहो, तुम्ही आमच्याकडे मुले पाठवता तेव्हा 'शिस्त लावा' असे सांगता. मी ती लावली. परप्रांतात मराठी शाळा चालवताना शिस्त हे आपले भांडवल, असे आम्ही मानत आलो. महाराष्ट्रात इतर शाळांशी स्पर्धा असते, इथे आपल्या अस्तित्वाचाच प्रश्न. मुले गप्प बसतात, रांगेत चालतात, 'बरं, बाई' म्हणतात, याचा मला अभिमान होता आणि तो आजही पुरता गेलेला नाही, हे खोटे कशाला बोलू? पण बारालाचावर मला वाचवले ते तिच्या शिस्तीने की तिने मोडलेल्या शिस्तीने, याचा उलगडा मला झालेला नाही. तिची औषधांची पेटी, तिची दोरी, तिचा ऑक्सिमीटर, वेळेवर निघणे, हे सारे शिस्तीतलेच होते. 'नाही, बाई' हे मात्र तिचे स्वतःचे. तो शब्द तिने मनालीच्या आधी, आमच्या घरी, माझ्या टेबलापाशी उच्चारला असता तर आम्ही तिघे बहुधा लेहला पोहोचलो असतो. आणि मी तिला तो उच्चारू दिला असता की नाही, हाही प्रश्न उरतोच.

परत आल्यावर मी एवढेच केले आहे. भूगोलाच्या तासाला शेवटची दहा मिनिटे मुलांनी माझ्या चुका काढायच्या. पहिले दोन महिने कोणी हात वर केला नाही. तिसऱ्या महिन्यात सहावीतल्या एका मुलीने सांगितले की माझ्या नकाशात चंबळ चुकीच्या बाजूने यमुनेला मिळते. ती बरोबर होती. आता मात्र दहा मिनिटे पुरत नाहीत आणि काही हरकती अगदीच निरर्थक असतात, हेही नमूद करते.

येत्या जूनमध्ये आम्ही पुन्हा निघत आहोत. या वेळी श्रीनगरकडून. सुमारे चारशे तीस किलोमीटरचा हा रस्ता टप्प्याटप्प्याने चढतो. सोनमर्ग, मग ३,५०० मीटरच्या थोडी वरची जोझी खिंड, द्रास, तेथून खाली २,६७६ मीटरवरचे कारगिल, पुढे फोतू खिंड, लामायुरू आणि मग लेह. वर चढायचे आणि झोपायला खाली यायचे, असा हा मार्ग आहे. डॉक्टरांचा सल्ला घेतला आहे, गोळ्या लिहून घेतल्या आहेत आणि पर्स तपासण्याचा अधिकार मी तिला लेखी दिला आहे. माझ्या रजेचा अर्ज कालच अध्यक्ष महोदयांच्या टेबलावर ठेवला आहे.

आराखड्याचा कागद तिनेच तयार केला. गेल्या आठवड्यात मला आणून दिला. या खेपेला तो पूर्ण लाल शाईत लिहिलेला आहे. 'कारगिल: दोन रात्री' या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्या आहेत आणि समासात लिहिले आहे: 'बाईंनी खोडू नये.'